मऊ वाट

माईने पिशवी दुकानाच्या दारातच ठेवली आणि मोकळ्या हातांनी आत आली, तेव्हाच आप्पांनी ओळखलं की लेक राहायला नाही, न्यायला आली आहे. राहायला यायची तेव्हा ती पिशवी थेट आत नेऊन खुंटीला अडकवायची, मग पाणी मागायची. आज ती बाकावर टेकली आणि आधी बापाचा हात मागितला.

"कोपर दाखवा."

"त्यात काय बघायचंय? जरासा लागलाय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी बाही खाली ओढली.

"जरासा लागला म्हणून वहिनी फोनवर रडेल का?"

आप्पांनी थोरल्या सुनेकडे पाहिलं. ती खाली बसून गादीच्या खोळीला शिवण घालत होती. तिने मान वर केली नाही. दाभणात दोरा ओवायला तिला कधी वेळ लागत नसे, आज मात्र भोक सापडेना. फितूर कोण ते कळलं. पण आप्पांना तिचा राग आला नाही. परवा सकाळी ते न्हाणीघराच्या उंबऱ्यात आडवे झाले, तेव्हा चौकटीवर आपटलेला कोपर तिनेच शेकून दिला होता, आणि कुणाला सांगायचं नाही हेही कबूल केलं होतं. तिच्यासारखीने शब्द मोडला म्हणजे ती घाबरली होती, दुसरं काही नाही.

आप्पा पडतात, हे आता घरात उघड बोललं जात होतं. कापसाची गाठ डोक्यावर घेऊन एका फळीवरून गाडीत चढायचं, हे ज्याने उभा जन्म केलं, गोदाम पेटलं त्या दिवशी दोन्ही पोरांना दोन काखांत मारून जो धुरातून बाहेर आला, तो माणूस आता स्वतःच्या घरात, सपाट जागी, दिवसाउजेडी पडत होता. पहिल्यांदा पडले ते थंडीतल्या दुखण्यानंतर. अंथरुणाला खिळून पायांतलं बळ गेलं होतं. कुणाला हाक न मारता उठले आणि बोळात कोसळले. मनगट मोडलं. पुढे मनगट जुळलं, प्लास्टर निघालं, भूक परत आली. पडणं मात्र थांबलं नाही. उलट वाढलं. आप्पांचे पाय गेले, असं सगळ्यांनी मनाशी धरलं.

पाय गेले नव्हते. का पडतो ते आप्पांना चांगलं ठाऊक होतं, आणि ते सांगायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं होतं.

कारण होतं बोळात. दुकानाच्या मागे कापसाची खोली, तिच्यामागे हा बोळ, एका टोकाला आप्पांची खाट आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीघर. त्या बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी घातलेली होती. साधीसुधी नव्हे. खाली फोम, वर कापूस, आणि आरपार टाके.

फोम धाकट्याचा होता, कापूस थोरल्याचा, आणि त्यातच सगळं आलं. दुकानात फोम आणायचा की नाही यावरून दोघा भावांचं वाजलं ते आई असतानाच, आणि ते तिच्या वर्षश्राद्धालाही मिटलं नाही, पुढची कितीतरी वर्षंही नाही. धाकट्याने रस्त्यापलीकडे स्वतःचं फोमच्या गाद्यांचं दुकान थाटलं. दोघांची दारं समोरासमोर, सकाळी एकाच वेळी उघडायची, आणि दोघंही एकमेकांच्या डोक्यावरून पाहायचे. निरोप द्यायचा तर थोरल्या सुनेच्या तोंडून. "वहिनी, त्यांना सांग, गाडी माझ्या दारात उभी करायची नाही." आणि ते 'त्यांना' चार पावलांवर उभे असायचे. आप्पांनी समजावलं, रागावलं, एकदा जेवण सोडलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग आप्पा पडले. मनगट प्लास्टरमध्ये घालून घरी आणलं त्या दिवशी दोघंही खाटेपाशी उभे होते, एक डोक्याकडे, एक पायाकडे. दोघांनीही एकाच वेळी खाली बोळाच्या फरशीकडे पाहिलं. गादीवाल्याची पोरं. दुसऱ्या घरात असं झालं असतं तर कुणी काठी आणली असती, कुणी दिवा लावला असता. यांनी कडक फरशी पाहिली आणि दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आली.

संध्याकाळी धाकटा फोमचे ताव खांद्यावर घेऊन मागच्या दाराने आला. थोरल्याने काही न बोलता कापूस पिंजायला घेतला. एकाने या टोकाने, एकाने त्या टोकाने टाके घालायला सुरुवात केली आणि मध्यावर आल्यावर थोरला म्हणाला, "दाभण दे." खाटेवर पडल्या पडल्या आप्पांनी तो शब्द ऐकला. नंतर धाकटा म्हणाला की टाका तिरका जातोय. थोरला म्हणाला, तिरका तुझा डोळा आहे. आणि दोघं हसले. मनगट ठणकत होतं, तरी आप्पांना इतकी गाढ झोप बायको गेल्यानंतर पहिल्यांदा लागली.

काम संपल्यावर दोघांनी विचारलं, कसं झालंय. आप्पा म्हणाले, "असं काम या घरात आजवर झालं नाही." यात खोटं काहीच नव्हतं.

मग ते त्यावर चालायला लागले. पाऊल टाकावं तर तळवा आत जायचा, आणि जमीन कुठे आहे ते पायाला कळायचंच नाही. एक पाय रुतला की दुसरा आधीच डगमगायचा. मध्ये कसंबसं निभायचं, पण न्हाणीघरापाशी गादी संपायची आणि तिथे वीतभर खाली उतरायचं. पहिल्या आठवड्यात आप्पा मऊमध्येच कुशीवर कलंडले. लागलं नाही. गुपचूप उठले आणि कपडे झटकले. गादी सपाट जमिनीसारखी वागत नाही हे गादीवाल्याला कुणी शिकवायचं? पण हे बोलायचं कुणाला? थोरल्याला सांगावं तर तो फोमला दोष देणार, धाकट्याला सांगावं तर तो कापसाला. इकडे आड, तिकडे विहीर. दोन्हीपेक्षा अधूनमधून पडलेलं बरं, असा हिशेब त्यांनी करून टाकला होता.

आता विहिरीच्या काठावर लेक येऊन बसली होती.

माईने फार आढेवेढे घेतले नाहीत. तिचं घर तळमजल्यावर, खोल्या मोकळ्या, फरशी एकसारखी, न्हाणीघर खाटेला लागून. नवरा गेल्यापासून तिला करायलाही कुणी नव्हतं. शाळेतून दुपारी घरी आल्यावर ती आप्पांना पाहू शकत होती. इथे सून दिवसभर शिवणार, पोरं दुकानात, आणि आप्पा बोळात पडणार. हे सगळं ती आप्पांना नाही, सुनेला सांगत होती, पण आवाज आप्पांच्या दिशेने होता.

"मला तिथं करमायचं नाही," आप्पा म्हणाले.

"इथं तरी काय करमतंय? आपटण्यात?"

पलीकडे कापसाच्या ढिगाला टेकून बसलेली जिजी खो खो हसली. जिजी आप्पांची थोरली बहीण. आप्पांहून वयाने मोठी, अंगाने वाळलेली, आणि पायाने खुंटासारखी घट्ट. ती म्हणाली, "ने गं बाई त्याला. लहानपणी झाडावरून पडायचा तेव्हा आई मलाच मारायची, नीट बघितलं नाहीस म्हणून. आता तू खा मार."

तेवढ्यात धाकटा रस्ता ओलांडून आला. खांद्यावर फोमची नवी गुंडाळी. मागोमाग थोरला आतून फूटपट्टी घेऊन बाहेर आला. दोघांचे चेहरे इतके खुशीत होते की माई बोलायची थांबली. त्यांचा बेत ठरलेला होता. परवाचं पडणं त्यांच्याही कानावर आलं होतं, आणि त्यावर त्यांनी उपाय शोधला होता. बोळातली गादी आणखी चार बोटं जाड करायची. पुढे स्वयंपाकघरापर्यंत न्यायची. आणि न्हाणीघराच्या चौकटीलाही गादी शिवायची, म्हणजे कोपर लागायला नको.

"भिंतींनापण," धाकटा म्हणाला. "कमरेपर्यंत."

"छातीपर्यंत," थोरला म्हणाला. "आप्पा उंच आहेत."

"बरोबर. छातीपर्यंत."

इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. सुनेच्या हातातलं दाभण तसंच राहिलं. आप्पांनी मनात मोजलं. चार बोटं जाड म्हणजे आता पोहत जावं लागणार. तरी त्यांनी मान डोलावली, "छान, छान."

माई भडकली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं ती म्हणाली. माणूस पडतो म्हणून तुम्ही जमीन मऊ करताय, पडूच नये म्हणून काही करणार आहात की नाही? दोघं भाऊ एकदम एका बाजूला झाले. थोरला म्हणाला, आप्पांना इथून हलवायचं नाही. धाकटा म्हणाला, तुझ्या घरी काय मऊ आहे, सगळी दगडी फरशी. थोरला म्हणाला, हो ना. एकाने वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्याने पुरं करावं, असं चाललं होतं. माईला भावांच्या एकीचा आनंद व्हावा की संताप, हे तिलाच कळेना. शेवटी ती म्हणाली, "मी एक बाई बोलावल्यात. हाडांच्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांना चालायला शिकवतात. त्या येऊन बघतील आणि सांगतील की आप्पा इथं राहू शकतात की नाही. त्या म्हणतील ते सगळ्यांनी ऐकायचं."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कबूल केलं. काम चोख होतं, मग भीती कसली? आप्पांनी मात्र बाही आणखी खाली ओढली.

दुपारी बाई आल्या त्या आप्पांना बऱ्या वाटल्या. ठेंगण्या, सपाट बुटांच्या, आणि आल्या आल्या हवापाण्याचं न बोलता खुर्ची मागणाऱ्या. दुकानात गिऱ्हाइकाची लाकडी खुर्ची होती, ती त्यांनी भिंतीला टेकवली, म्हणजे सरकायला नको. आप्पांना म्हणाल्या, हात छातीशी घ्या आणि हातांचा आधार न घेता उठा. आप्पा उठले. बसा. बसले. पुन्हा उठा. थोडी धाप लागली, मांड्या थरथरल्या, पण उठले. मग कापडं मोजायच्या ओट्याला हात लावून एक पाय उचलायला सांगितला. मग एका पायाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावून, दोरीवर चालल्यासारखं, ओट्याकडेनं चालायला. आप्पा गेले आणि वळून आलेही. एकदाच डुलले, तेव्हा तिन्ही मुलं एकदम पुढे धावली आणि बाईंनी आडवा हात घालून त्यांना मागे सारलं.

"धरू नका. जवळ उभे राहा, पण धरू नका. धरलं की माणूस तोल सांभाळायचं सोडून तुम्हालाच सांभाळत बसतो."

जिजी म्हणाली, "याच्या बायकोनेही हेच सांगितलं असतं."

बाईंनी बुबुळं पाहिली, औषधांच्या पुड्या पाहिल्या, त्यातली एक पाहून म्हणाल्या, हिने गरगरतं का ते डॉक्टरांना विचारा. पायातल्या सैल, झिजलेल्या चपला बाजूला काढल्या. एकंदरीत त्यांचा चेहरा समाधानी दिसत होता आणि तीच गोष्ट त्यांना बुचकळ्यात टाकत होती. पायांत बळ कमी आहे, त्या म्हणाल्या, ते व्यायामाने येईल, मात्र रोज करायला हवा, भिंतीवर घड्याळ टांगल्यासारखं एकदा करून भागत नाही. पण या पायांचा माणूस इतक्या वेळा का पडावा?

"कुठे पडता ते दाखवा," त्या म्हणाल्या.

"तिथं काय आहे बघण्यासारखं," आप्पा म्हणाले. "अंधार आहे नुसता."

"मग तर बघायलाच हवं."

थोरला उठला. त्याच्या चालण्यात नवरदेवाचा रुबाब होता. कापसाच्या खोलीतून सगळी वरात बोळाशी आली, आणि धाकट्याने दिवा लावून, दुकानात गिऱ्हाइकाला दाखवतात तसं हाताने दाखवलं. दोघांनी सांगायला सुरुवात केली. खाली एवढा फोम, वर एवढा कापूस, टाके इतक्या जवळ की गोळा व्हायची सोय नाही. थोरल्याने सांगितलं की फोम धाकट्याचा, चांगल्यातला चांगला. धाकटा म्हणाला, पण वरचं काम दादाचं, त्याचा हात कुणाला यायचा नाही. आप्पांचे डोळे भरून आले. हे वाक्य ऐकायला त्यांची बायको आतुरली होती.

बाईंनी बूट काढले आणि गादीवर पाऊल ठेवलं. दुसरं ठेवलं. त्यांचा हात आपोआप भिंतीला गेला. त्या तिथेच थांबल्या, खाली पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं. आप्पांना कळलं की त्यांना कळलं. बाईंनी बोलायला तोंड उघडलं.

"बाई, थांबा," आप्पा म्हणाले. "हे मी सांगतो."

कुठून हिंमत आली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. एवढंच मनात आलं की परक्या बाईच्या तोंडून पोरांनी हे ऐकलं तर मान खाली घालून ऐकतील आणि जन्मभर लक्षात ठेवतील. घरचं उणं घरच्याने सांगावं. ते भिंतीला टेकले.

"गादी झोपलेल्या माणसाला धरते, पोरांनो. उभ्या माणसाला जमीन धरते. यावर मला माझे पाय सापडत नाहीत. मी यानंच पडतो."

थोरल्याने गादीकडे पाहिलं, मग पुन्हा आप्पांकडे. धाकट्याचा हात दिव्याच्या खटक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"सगळ्या वेळी?" थोरल्याने विचारलं.

"पहिल्या वेळेनंतर सगळ्या."

बाईंनी हळू आवाजात पुस्ती जोडली, की उभं राहताना तळव्याला खालची कडक जमीन लागते, तिच्यावरूनच तोल कळतो, आणि वयाबरोबर ते कळणं आधीच मंदावलेलं असतं, त्यावर मऊ घातलं की उरलंसुरलंही जातं. बरीच घरं जाड गालिचे घालतात आणि फसतात. त्या बोलत होत्या चांगलं, पण ऐकत कुणी नव्हतं.

सून पुटपुटली, "माझा चहाचा ट्रे दोनदा सांडलाय इथं." मग तिने तोंडावर हात ठेवला.

"आणि मी मागच्या अंगणातून का जाते न्हाणीघरात?" जिजी म्हणाली. "हवा खायला?"

म्हणजे ही वाट चालण्यासारखी नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दोन भाऊ सोडून सगळ्यांना. आणि सगळ्यांनी तोंडात मूग धरले होते.

मग आप्पांना जी भीती होती तीच झाली. थोरला म्हणाला, मी तेव्हाच म्हणत होतो, फोमची उशी होते, आधार होत नाही. धाकटा म्हणाला, तू कधी म्हणालास? कापूसच बसला आहे, मधोमध खड्डा पडलाय, हे बघ. थोरला म्हणाला, खाली भुसभुशीत असल्यावर वरचं बसणारच. आवाज चढले. गोदामाच्या विम्यापासून ते आईच्या बांगड्यांपर्यंत सगळं निघालं. माई मध्ये पडली तर दोघांनी तिला एकदम गप्प केलं. धाकट्याने दिवा बंद केला, जणू तो दिवासुद्धा त्याचा होता, आणि वहिनीकडे वळून म्हणाला, "वहिनी, त्यांना सांग, माझा फोम उद्या काढून दुकानात पाठवून द्यायला."

'त्यांना.' पुन्हा तेच. धाकटा चपला शोधू लागला.

आप्पांना खालच्या गादीचाही विसर पडला. ते पुढे निघाले, पाऊल रुतलं, अंग डुललं, बाईंचा हात जवळ आला पण लागला नाही. दोन पावलं टाकून आप्पांनी चौकट धरली आणि धाकट्याची वाट अडवून उभे राहिले.

"मी पडत होतो ते मला चालत होतं," ते म्हणाले. "कोपर फुटला असता तरी चाललं असतं. तुम्ही बोलत होता. दाभण दे म्हणाला तुला दादा, त्या दिवशी. तुमच्या आईनं ते ऐकलं नाही. मी ऐकलं. ते मोडू नये म्हणून मी यावरून चालत राहिलो. आता मी लेकीकडे जाईन नाहीतर इथं राहीन, मला कुठेही जमीन मिळेल. पण तुम्ही परत डोक्यावरून बघायला लागलात, तर मी पडलो कशासाठी?"

धाकट्याने एकच चप्पल पायात घातलेली होती, ती काढावी की दुसरी घालावी हे त्याला ठरवता येईना. थोरल्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. माईने डोळे पुसले आणि मग, तिला रागावणं सोपं जात असल्याने, रागावली. आपला बाप रोज आपटून घेत होता आणि आपण त्याचे पाय गेले म्हणत होतो, असं ती म्हणाली. यात तिने स्वतःलाही धरलं.

जिजी म्हणाली, "भाऊ बोलावेत म्हणून लोक नवस बोलतात. आमच्या याने कोलांट्या उड्या घेतल्या."

आधी सून हसली. मग बाई, ज्यांना हसायचं नव्हतं. मग थोरला हसता हसता डोळ्यांवर मनगट फिरवू लागला, आणि धाकट्याने दुसरी चप्पल घालण्याऐवजी पहिली काढली.

गादी काढायची ठरली. तेही सरळ झालं नाही. टाके आरपार होते, फोम आणि कापूस एकमेकांत शिवलेले. धाकटा म्हणाला, टाके कापा. थोरला म्हणाला, कापलं तर खोळ फाटेल, अशीच गुंडाळू. एका टोकाला धरून ओढली तर ती भिंतींमध्ये अडकली. शेवटी दोघांना दोन टोकांना वाकावं लागलं आणि एकाच वेळी उचलावी लागली. बाहेर काढेपर्यंत दोघांच्या तोंडातून एकमेकांच्या कसबाबद्दल जे निघालं, ते सुनेने नंतर माईला सांगताना काही शब्द गाळले. खाली फरशी जशी होती तशी निघाली, जरा धुळकट, टणक. आप्पा अनवाणी तिच्यावर उभे राहिले. पायांना ती गार लागली. बोटं आपोआप पसरली आणि टेकली. त्यांना बरं वाटलं, पण आता ते तसं बोलले नाहीत. पोरं समोर होती.

बाईंनी काय काय करायचं ते माईला आणि सुनेला सांगितलं. बोळात दिवा रात्रभर राहू द्या. न्हाणीघरात आणि भिंतीला धरायला दांडी बसवा. घट्ट, पातळ तळाचे बूट आणा. आणि रोज ओट्यापाशी व्यायाम, शेजारी कुणीतरी उभं राहून, न धरता. कुणीतरी म्हणजे कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा दोन्ही भाऊ एकदम म्हणाले, "मी." त्यावरूनही जरा वाजलं.

माई पिशवी घ्यायला दारात गेली तेव्हा आप्पा तिच्यामागे गेले. तिने वळून पाहिलं नाही. पिशवीत आप्पांसाठी नवी चादर होती, ती वर आलेली होती, ती तिने आत दाबली. आप्पांना आत्ता उमगलं की लेक त्यांना सांभाळायलाच फक्त न्यायला आली नव्हती. रिकाम्या खोल्यांतून दुपारी एकटीच ये-जा करणारी बाई होती ती.

"येणार आहे मी," ते म्हणाले. "चार महिन्यांनी येतो. पण न्यायला येऊ नकोस. कोपऱ्यापर्यंत बस आहे, पुढे चालत येईन."

"चालत?"

"मग बूट कशाला घेणार आहेस?"

माईने पिशवी उचलली, परत ठेवली, आणि आत नेऊन खुंटीला अडकवली. उद्या रविवार, शाळेला सुट्टी होती, आणि सोमवारची ती काढू शकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर आप्पा ओट्यापाशी उभे राहिले. थोरला डाव्या हाताला, धाकटा उजव्या. धाकट्याचं दुकान समोर उघडं टाकलेलं होतं आणि तिथे गिऱ्हाईक उभं होतं, तरी तो जाईना. बाईंनी ओट्यावर हात ठेवून एक पाय उचलायला सांगितलं होतं. आप्पांनी उचलला.

दांडी किती उंचीवर बसवायची यावरून भावांचं सुरू झालं होतं. थोरल्याचं म्हणणं कमरेइतकी. धाकट्याचं म्हणणं मनगटाइतकी, कारण माणूस धरतो हाताने, कमरेने नाही. थोरला म्हणाला, मग तुझं मनगट धरू की आप्पांचं, तू तर बुटका. धाकटा म्हणाला, तुझी ती लाकडी फूटपट्टी आधी सरळ करून आण. थोरला म्हणाला, ती आपल्या बापाची आहे. दोघं बापाच्या डोक्यावरून नव्हे, बापाच्या दोन्ही बाजूंनी थेट एकमेकांच्या तोंडाकडे पाहून भांडत होते.

आप्पांनी ओट्यावरचा हात हळूच उचलला. पाय खालची जमीन धरून होता. मांडी थरथरली, घोटा जरा इकडे, जरा तिकडे झाला, मग थांबला. पोरांचं लक्ष नव्हतं. आप्पांना सांगावंसं वाटलं, बघा रे, हात सोडलाय मी. पण सांगितलं तर दोघं गप्प होतील आणि चार हात एकदम पुढे येतील. म्हणून वाद लांबेल तेवढा लांबावा, अशा बेताने आप्पा एका पायावर मुकाट्याने उभे राहिले.